काळे डॉक्टरांचा पाला

तेलाचा डबा आणायला म्हणून भाऊसाहेब नगरला गेले आणि येताना पालेभाजीचाही डबा घेऊन आले. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

ते घाऊक मालाचं दुकान म्हणजे गोडाऊनच. तिथे साबणाची वडीसुद्धा सुटी मिळत नाही, डझनानंच घ्यावी लागते. तेल ढकलगाडीत ठेवून भाऊसाहेब बिलाच्या रांगेकडे निघाले, तर वाटेत फ्रिजच्या कपाटांपाशी एक मुलगी टेबल मांडून उभी होती. तिच्या हातात कागदी वाट्या होत्या आणि चेहऱ्यावर हसू.

"काका, टेस्ट करून बघा ना. एकदम हेल्दी आहे."

भाऊसाहेबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात टर्नर म्हणून झाली होती. युनियनच्या बैठकीत त्यांनी भल्याभल्यांना तोंडावर नाही म्हटलं होतं. पण कुणी हसून पुढे केलेली वस्तू नाकारणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी वाटी घेतली. आत कुरळा, जाड, काळपट हिरवा पाला होता. त्यात कसले तरी उकडलेले दाणे होते आणि वाळलेल्या बोरांसारखं काहीबाही. पाला चावता चावता त्यांचा जबडा दुखायला लागला. शेवटी डोळे मिटून त्यांनी तो गिळला.

"कसं वाटलं, काका?"

"लई भारी," भाऊसाहेब म्हणाले.

मुलीचा चेहरा फुलला. "खरंच? सकाळपासून सगळे तोंड वाकडं करून जातायत. तुम्ही पहिलेच!" असं म्हणत तिनं दोन किलोचा मोठा डबा त्यांच्या ढकलगाडीत ठेवूनसुद्धा दिला. आता तो काढून परत द्यायचा म्हणजे पोरीचं मन मोडायचं. भाऊसाहेबांनी मान खाली घालून बिल दिलं.

देवळाली प्रवऱ्याला एसटीतून उतरल्यावर ते मुद्दाम लांबच्या वाटेनं घराकडे निघाले. धास्ती पाल्याची नव्हती, बायकोची, बनाबाईंची होती. मागच्या खेपेला त्यांनी असाच मॅकरोनीचा पाच किलोचा पुडा आणला होता आणि बनाबाईंनी तो वर्षभर येईल त्या पाहुण्याला काढून दाखवला होता. शिवाय आपल्या घरात बाहेरून शिजवलेली भाजी येणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. ही तर शिजवलेलीही नव्हती.

"ह्ये काय आनलं?" बनाबाईंनी दारातच विचारलं.

"भाजी."

"भाजी? मी मेले का काय? कोनी सांगितलं ह्ये आनायला?"

भाऊसाहेबांनी घाबरून डब्याकडे पाहिलं. अक्षर जुळवून वाचण्याइतकं इंग्रजी त्यांना येत होतं. डब्यावर ठसठशीत लिहिलं होतं, के, ए, एल, ई.

"काळे," ते म्हणाले. मग घसा खाकरून पुढे म्हणाले, "काळे डॉक्टरांनी."

बनाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "डॉक्टर? तुमी डॉक्टरकडं गेल्ता?"

"वाटंत हुता दवाखाना. म्हनलं, दाखवून घ्यावं."

"काय हुतंय तुमाला?"

"काय न्हाई गं. जरासं... हितं," असं म्हणून त्यांनी पोटावर हात ठेवायला म्हणून उचलला, पण हातात पिशवी असल्यानं तो छातीपाशीच अडला.

बनाबाईंनी पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना ओट्यावर बसवलं.

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांना भाकरी मिळाली नाही. वाटीभर पाला मिळाला. प्लास्टिकमध्ये औषध ठेवू नये म्हणून बनाबाईंनी तो स्टीलच्या डब्यात काढला. रिकामा डबा वरचा कागद खरवडून, घासूनपुसून शेजारच्या भीमाबाईंना कुरडया ठेवायला दिला. डबा देताना कारणही सांगितलं. ते ऐकून भीमाबाई लगेच नारळपाणी घेऊन हजर झाल्या.

"नगरचे काळे व्हय? अवो, ते तर हार्टवाले! माझ्या जावंच्या भावाला तिथंच नेल्तं म्हनं."

"मंग? बरा झाला का?" बनाबाईंनी विचारलं.

"आता ते काय मला ठाव न्हाई बाई," भीमाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. कुणासाठी लावला ते कळलं नाही.

"कसा हाय वो डॉक्टर? मानूस चांगला हाय का?" बनाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

खोटं बोलायचंच तर ते धीर देणारं असावं, असा विचार भाऊसाहेबांनी केला. "लई अनुभवी. माझ्याच वयाचा. ह्या अशा झुबकेदार मिशा. म्हनला, भाऊसाहेब, काळजी करू नका."

बनाबाईंना जरा बरं वाटलं. मात्र तेव्हापासून त्यांनी काळे डॉक्टरांचं पथ्य कडक पाळायला घेतलं. सकाळी पाला, दुपारी पाला, रात्री पाला. शेजारून खरपूस भाजलेल्या वांग्याचा वास आला की भाऊसाहेबांचे डोळे भरून यायचे आणि ते पाहून बनाबाईंचेही भरून यायचे. पाला संपत नव्हता. दाबून भरलेला होता, मोकळा केल्यावर वाढतच चालला होता. चहासुद्धा बंद झाला, कारण काळे डॉक्टर चहाबद्दल काय म्हणाले हे भाऊसाहेबांना वेळेवर सुचलं नाही.

चौथ्या दिवशी सुप्याहून त्यांचा मुलगा नितीन गाडी घेऊन आला. कंपनीत सुट्टी टाकून आला होता.

"अण्णा, कपडे करा. काळे डॉक्टरांचा नंबर लावलाय. आई पण येतीय."

भाऊसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी मुलाला गोठ्याच्या मागे नेलं आणि सगळं खरंखरं सांगितलं. दुकान, मुलगी, वाटी, काही म्हणून लपवलं नाही.

नितीननं शांतपणे ऐकलं. मग त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, आम्हाला त्रास नको म्हणून तुम्ही आजार लपवताय ना? मला काय कळत नाही?"

"आरं, खरंच सांगतोय! त्या डब्यावर नाव हुतं, बघ."

डबा मागवला. त्यात कुरडया होत्या. कागदाचा मागमूस नव्हता.

"अण्णा, चार दिवस तुम्ही मुकाट्यानं पाला खाल्लात," नितीन म्हणाला. "धडधाकट माणूस खाईल का?"

भाऊसाहेब कपडे करायला आत गेले.

दवाखान्यात पोचेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. आत गेल्यावर काय करायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, मी ह्यांना ओळखत नाही, तर आपण म्हणायचं, रोज इतके पेशंट, साहेबांच्या कसं लक्षात राहणार? तेवढ्यात नाव पुकारलं गेलं.

केबिनमध्ये पस्तिशीची एक बाई बसली होती. आखूड केस, चष्मा, गळ्यात स्टेथोस्कोप.

"या, बसा," ती म्हणाली.

बनाबाई बसल्या नाहीत. त्यांनी पडद्यामागे पाहिलं, दारामागे पाहिलं. "डॉक्टर कुठं हायेत?"

"मीच डॉक्टर काळे. राजेश्वरी काळे."

बनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे, विशेषतः नाकाखाली, नीट निरखून पाहिलं.

"आन् मिशा?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेब खुर्चीत होते तिथेच विरघळले. दुसऱ्यांदा त्यांनी सगळं सांगितलं आणि ह्या वेळी त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. डॉक्टरबाई आधी गंभीर होत्या. मग त्यांनी कागदावर चार अक्षरं लिहून विचारलं, "असं होतं का डब्यावर?" भाऊसाहेबांनी मान हलवली आणि त्या डोक्याला हात लावून हसायला लागल्या.

"काका, ते काळे नाही. केल! पालेभाजीचं नाव आहे ते."

नितीन भिंतीकडे तोंड करून हसत होता. बनाबाई मात्र हसल्या नाहीत.

आलाच आहात तर तपासून जा, असं म्हणत डॉक्टरांनी भाऊसाहेबांची छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली. सगळं उत्तम निघालं. "आता मावशी, तुम्ही या."

"मला काय धाड भरलीय?" बनाबाई म्हणाल्या. पण हाताला पट्टा गुंडाळला गेला, पंप दाबला गेला आणि डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"मावशी, बीपी वाढलंय तुमचं. घाबरायचं कारण नाही, रोज एक गोळी घ्यायची. मीठ कमी करा, लोणचं, पापड बंद. आणि जेवणात कच्चं खात जा. मोड आलेलं धान्य, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, जे आवडेल ते."

तिघं परतीला निघाले. बनाबाई पुढे नितीनशेजारी ताठ बसल्या होत्या. भाऊसाहेब मागे तेलाचा डाग पडलेल्या सीटवर, पुढच्या पाच वर्षांत येणाऱ्या पाहुण्यांची मनातल्या मनात मोजदाद करत होते. राहुरी मागे पडली. इतक्यात बनाबाई म्हणाल्या, "गाडी थांबीव."

रस्त्याच्या कडेला भेळेची गाडी होती. बनाबाई उतरल्या, तसे दोघे बापलेक मुकाट मागोमाग उतरले.

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या..." नितीननं सुरुवात केली.

"व्हय. धान्य म्हनली. मंग ह्ये चुरमुरं काय हाय? कांदा कच्चा, टमाटं कच्चं, कोथमीर कच्ची," बनाबाई म्हणाल्या आणि भेळवाल्याकडे वळल्या. "माझ्यात मीठ घालू नको रं, शेव पन न्हाई. मला बीपी हाय. मिरची घाल."

भेळवाल्यानं पातेल्यात चुरमुरे टाकले आणि विचारलं, "आन् बाबांना?"

भाऊसाहेब लांब, गाडीच्या आडोशाला उभे होते. बनाबाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"त्येंना दोन दे," त्या म्हणाल्या. "आन् शेव सढळ हातानं घाल. चार दिस मानूस उपाशी हाय माझा."