फोन घरच्याच माणसाने उचलावा

चार वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला, आणि पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात बसलेल्या थंडोबांनी तो कानाला लावून खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्या घरी सुखच सुख!"

पलीकडून एक बाई म्हणाल्या, "असेल हो. आमच्या घरी सकाळपासून पाणी नाही."

"पत्ता सांगा," थंडोबा म्हणाले.

थंडोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. समोरचा कितीही तापला तरी यांचा पारा चढत नसे, म्हणून कचेरीने ते पाडलं होतं. अशा माणसाने एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच असला वात्रटपणा करावा, याला कारण होतं. ते कारण उजवा हात प्लास्टरमध्ये घालून घरी टीव्हीसमोर बसलं होतं.

महिन्यापूर्वी त्यांची बायको बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडून बसली. स्वयंपाक थंडोबांनी कसाबसा रेटला, पण धुण्यापुढे त्यांनी हात टेकले. साबण ते असा लावत, की एरवी महिनाभर पुरणारी वडी दोन दिवसांत बारीक होऊन गटारातून निघून जाई. बायको दारात स्टूल टाकून बसायची आणि तिला ते बघवायचं नाही.

"अहो, कॉलर आहे ती. भिंत नव्हे."

"निघतोय ना मळ?"

"मळ आहे तिथेच आहे. कापड निघतंय."

एक दिवस मात्र ती बोलली नाही, नुसती रडायला लागली. आपली आवडती साडी गुलाबी झाली म्हणून असेल, असं थंडोबांना वाटलं. पण ती म्हणाली, "तुमच्या बोटांना भेगा पडल्यात हो. मला सांगितलंही नाहीत." थंडोबांनी हात पाठीमागे लपवले आणि घरात वॉशिंग मशीन आणायचंच, असं मनाशी ठरवलं. फक्त ते विकत घेण्याची ऐपत यंदा नव्हती.

मार्ग सापडला तो साबणाच्या वेष्टणावर. 'सुखी घर' नावाच्या टीव्हीवरच्या खेळाचं कूपन त्यावर छापलेलं असे. थंडोबांच्या कृपेने तीन आठवड्यांत घरात अकरा कूपनं जमली. बायकोने ती डाव्या हाताने भरली. अक्षर असं उमटलं, की जणू कागदावरून खेकडा चालत गेलाय. तिचा फोन तिच्याबरोबरच पडून फुटला होता, म्हणून नंबर नवऱ्याचा दिला.

त्या आठवड्याचं बक्षीस वॉशिंग मशीनच होतं. नियम साधे होते. सोमवार ते शनिवार, चार ते पाचच्या दरम्यान, कधीतरी कुणा एका घरी फोन वाजणार. उचलणाऱ्याने पहिल्याच दमात 'आमच्या घरी सुखच सुख' म्हणायचं. 'हॅलो' म्हटलं की संपलं. आणि फोन घरच्याच माणसाने उचलायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्याच सोमवारी त्यांच्याच खात्याने फुटकी पाइप शोधायला रस्ता खणला आणि स्वतःच्याच कचेरीची टेलिफोनची तार तोडली. साहेबांनी फर्मान काढलं, "तार जोडेपर्यंत तक्रारी तुमच्या मोबाइलवर घ्या. तुम्ही शांत आहात." नंबर बाहेरच्या फळ्यावर लागला. त्या खोदकामात अर्ध्या गावाचं पाणी बंद झालं, त्यामुळे फळा वाचणाऱ्यांची काही कमी नव्हती.

आता चार ते पाचमध्ये वाजणारा अनोळखी फोन टीव्हीवाल्यांचा की तहानलेल्यांचा, हे उचलल्याशिवाय कळणार कसं?

मंगळवारी लाँड्रीवाल्याचा फोन आला.

"आमच्या घरी सुखच सुख!"

"कोण बोलतंय?"

"तक्रार कक्ष. तक्रार सांगा."

"अहो, माझी लाँड्री कालपासून बंद आहे! गिऱ्हाइकांचे कपडे भिजवायला थेंब नाही, आणि तुम्ही मला तुमचं सुख ऐकवताय?"

"तुमचा तक्रार क्रमांक एकशे बारा."

"कालही हेच केलंत! काल चौऱ्याऐंशी दिला होता!"

"दोन्ही जपून ठेवा," थंडोबा म्हणाले.

बुधवारी मुलींच्या हॉस्टेलच्या बाईंना त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बाई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पाण्यासाठी फोन करायचा आणि तुम्ही बक्षिसासाठी उचलायचा." थंडोबांना आतून लाज वाटली, पण पुढचा फोन वाजला तेव्हा तोंडातून तेच वाक्य बाहेर पडलं.

गुरुवारी साहेबांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून नंबर लावून पाहिला.

"आमच्या घरी सुखच सुख!"

"वा. मग सोमवारी लेखी खुलासा आणा, आणि त्यानंतर त्या सुखातच बसा."

संध्याकाळी बायको म्हणाली, "सोडा हो तो नाद. मशीनच्या पायी नोकरी घालवाल."

"दोनच दिवस राहिलेत," थंडोबा म्हणाले आणि बादली घेऊन आत गेले.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी कचेरीला सुट्टी होती. दुपारी फोन अचानक थंडावले, तेव्हा थंडोबांना बरं वाटलं. वास्तविक ही काळजी करण्यासारखी गोष्ट होती, कारण फोन करणारे सगळे त्यांच्याच घराकडे चालत निघाले होते. पत्ता कचेरीच्या पहारेकऱ्याने दिला. त्याच्याही घरी पाणी नव्हतं.

साडेचारला दार धडधडलं. बायकोने डाव्या हाताने कडी काढली, तसा लाँड्रीवाला पुढे आणि त्याच्यामागे पंधरा-सोळा माणसं आत शिरली. हॉस्टेलच्या बाईही होत्या.

"कुठाय तो सुखी माणूस?" लाँड्रीवाला गरजला. "बघू तरी, याच्या घरी कसली कारंजी उडतायत!"

"आत आहेत," बायको घाबरत म्हणाली. "धुणं धुतायत."

सगळी वरात बाथरूमच्या दाराशी गेली. थंडोबा लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून बसले होते. कोपरापर्यंत फेस होता आणि एक ओघळ नाकावरून खाली येत होता. समोरच्या एकाच बादलीत नवऱ्याचे शर्ट, बायकोचे गाऊन आणि एक लालभडक टॉवेल सुखाने नांदत होते.

लाँड्रीवाल्याचा आ वासला तो वासलाच. भांडायला आणलेली वाक्यं तो विसरला. "पांढरे आणि रंगीत एकत्र?" तो कळवळून म्हणाला. "अहो, कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणीच नाही," थंडोबा खरं ते बोलले.

लाँड्रीवाल्याने वळून बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग पुन्हा थंडोबांच्या भेगाळलेल्या बोटांकडे. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाहेर टेबलावरचा फोन वाजला.

थंडोबा धडपडत उठले, पण हात फेसाने बरबटलेले. बायको डावा हात पुसून पुढे झाली, तोवर लाँड्रीवाल्याने फोन उचलला होता. आलेला राग त्याला अजून कुठे ठेवावा कळत नव्हतं. "थांबा. असेल कुणीतरी माझ्यासारखाच बिचारा. त्याला मीच सांगतो तुमचा मंत्र." आणि फोन कानाला लावून तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आमच्या घरी सुखच सुख!"

तीच आरोळी क्षणभराने टीव्हीतूनही ऐकू आली. मागोमाग टाळ्यांचा कडकडाट आणि निवेदिकेचा गोड आवाज आला. "अगदी बरोबर! पण एक नियम आहे हं. आपण या घरचे कोण?"

बायकोने डोळे मिटून घेतले होते. थंडोबांच्या नाकावरचा फेस टपकन खाली पडला. लाँड्रीवाला गुरकावून नाही म्हणाला असता, तर त्याला कुणी दोष दिला नसता. शिवाय घरोघरी अशी मशिनं आली तर त्याने खायचं काय?

"मी..." तो अडखळला. "मी इथला मेहुणा. ताईचा भाऊ. सख्खा."

"वा! मग भाऊराया, बहिणीला काही निरोप?"

लाँड्रीवाल्याने वळून बाथरूममधल्या बादलीकडे पाहिलं. "पांढरे आणि रंगीत वेगळे घालत जा, म्हणावं," तो म्हणाला.

भांडायला आलेली माणसं चहा पिऊन गेली. सोमवारी साहेबांनी खुलासा वाचलाच नाही. त्यांच्या मिसेसनी कार्यक्रम पाहिला होता आणि भाऊरायाच्या निरोपाला त्यांचे डोळे पाणावले होते. मंगळवारी मशीन आलं. ते बसवताना लाँड्रीवाला जातीने हजर होता. कामाचा माणूस, नळी कुठे आणि उतार कसा, सगळं त्यानेच पाहिलं.

जाता जाता म्हणाला, "दाजी, आमच्या गल्लीतल्या पाण्याचं काय?"

थंडोबांनी सवयीने सांगितलं, "क्रमांक देतो. एकशे सत्...."

"अहो!" बायको आतून कडाडली. "माझ्या सख्ख्या भावाला क्रमांक देता? जनाची नाही, मनाची तरी?"

थंडोबांनी मुकाट्याने चपला घातल्या. खात्याच्या फिटरला बरोबर घेऊन ते पहिल्यांदाच स्वतः टाकीपाशी गेले. खोदकामाच्या वेळी बंद केलेला त्या गल्लीचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा राहून गेला होता. तो उघडायला फिटरला दहा मिनिटं लागली.

ही बातमी अर्थातच लपून राहिली नाही. पुढच्या आठवड्यात तक्रार कक्षाचा फोन अगदी गप्प झाला. उलट थंडोबांच्या घरची घंटा वाजायला लागली. हॉस्टेलच्या बाई आल्या आणि ताईंची मावसबहीण निघाल्या. पहारेकरी दूरचा भाचा निघाला. रिकाम्या हाताने कुणी येत नसे आणि चहाशिवाय कुणी जात नसे.

रविवारी दुपारी मशीन आपलं आपण कपडे घुसळत होतं. थंडोबा बाह्या वर करून बेसिनपाशी उभे होते. चौदा कप झाले होते.

"अहो," बायकोने बाहेरून हाक मारली, "आणखी तीन विसळा. मामा आलेत."

"कुठले मामा?"

"टाकीमागच्या गल्लीतले."