फ्राउ लिंडनर यांची चेरीची फांदी

आत्माराम जोगळेकर यांनी न्युरेम्बर्गला आल्यापासून पुष्कळ गोष्टी सोडल्या होत्या. देवाला फूल वाहण्याची सवय तेवढी सुटली नव्हती. (बर्फात फूल मिळत नाही, एवढे तरी डॉक्टरेट करणाऱ्या माणसास कळावयास हवे होते.) म्हणून १९५५च्या डिसेंबरात घरमालकीण फ्राउ लिंडनर चेरीची बोडकी फांदी घेऊन दाराशी आल्या, तेव्हा ते तत्काळ हो म्हणाले.

"तुमची खोली उबदार आहे. नाताळपर्यंत ही फुलली, तर माझा हान्स रशियातून परतेल. पाणी बदला. बाकी हात लावू नका."

"काळजी नसावी."

त्यांचा मुलगा हान्स युद्धात हरवल्याला अकरा वर्षे झाली होती. त्या हिवाळ्यात रशियाने सोडलेल्या युद्धकैद्यांच्या गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडीला म्हातारी स्टेशनावर जाई आणि एकटी परते.

आत्मारामांनी रोज कोमट पाणी बदलले, फांदीला हरिपाठही ऐकवला. चोवीस तारखेच्या सकाळी ते स्नान करून, चष्म्याविना, पूजेस बसले. डाव्या हाताला काहीतरी मऊ लागले. मुखी नाम होते, हाताला तीस वर्षांचे वळण होते. आरतीनंतर चष्मा चढवला, तो बाळकृष्णाच्या चरणी सात शुभ्र फुले, आणि फांदीवर एकही नाही.

कोटाची बटणे शिवण्याचा काळा दोरा तेवढा जवळ होता. देवाची क्षमा मागून त्यांनी सातही फुले परत फांदीला बांधली. त्यातच दुपार टळली. (तीन फुले उलटी बसली.)

संध्याकाळी फ्राउ लिंडनर आल्या. फांदीकडे पाहून पलंगाच्या कडेवर बसल्या.

"कुठून आणलीत?"

"हिचीच आहेत. आज सकाळी उमलली. मी चुकून देवाला वाहिली, मग बांधली."

"गेनाऊ, गेनाऊ." 'अगदी बरोबर' म्हणत म्हातारीने त्यांच्या गालावरून हात फिरवला. "मागचा भाडेकरूही दरवर्षी हेच सांगे. चांगली माणसं भेटतात मला. फांदी काही फुलत नाही, हे ठाऊक आहे."

"देवाशपथ सांगतो, फुलली होती."

"तोही शपथ घेई."

जन्मात खोटे न बोललेल्या आत्मारामांपाशी त्या घरातली एकच शुभ वार्ता होती, आणि ती आता कोणी घेईना.

फांदी उराशी धरून म्हातारी दारात थांबली.

"हेर जोगळेकर, पुढच्या वर्षी दोरा पांढरा घ्या. त्याला तेवढं कळत होतं."