लाल चिमटा कुठे लावायचा?

शनिवारी दुपारी मी एवढंच ठरवलं की, सापडलेली वस्तू दात घासायच्या ब्रशने घासत बसायचं नाही. वीज लावून साफ करायची.

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी थर्लोसाहेबांच्या शेतात धातू शोधायचं यंत्र फिरवत असतो. इंग्लंडमधल्या आमच्या सफोकच्या मातीत रोमन लोकांनी काय काय टाकून ठेवलंय म्हणता! फक्त ते माझ्यासाठी टाकलेलं नाही. आमच्या धातुशोधकांच्या मंडळातल्या पर्सीला सोन्याचं नाणं सापडतं, मला बिअरच्या डब्यांची झाकणं. (एकदा ट्रॅक्टरचा नट सापडला होता. तो थर्लोसाहेबांनी मागून घेतला.) पण गेल्या रविवारी शेतात पाय ठेवतो न ठेवतो तोच यंत्र किंचाळलं आणि हिरव्या पुटात लपेटलेली एक गोल चकती हाती आली. मंडळाच्या टेबलावर एकदा तरी आपली वस्तू मांडायची, हे माझं स्वप्न. ते आता गुरुवारच्या बैठकीत पुरं होणार होतं.

आइस्क्रीमच्या डब्यात मीठ-पाणी घेतलं, गाडीची बॅटरी चार्ज करायचं यंत्र आणलं आणि केकच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घेतलं (न विचारता). आता यंत्राच्या वायरींचे दोन चिमटे. एक वस्तूला, एक झाकणाला. लाल म्हणजे महत्त्वाचा, म्हणून तो वस्तूला लावला. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. मी खुर्चीत बसून रेडिओवर क्रिकेट ऐकू लागलो आणि त्यात जे नेहमी होतं तेच झालं. झोप लागली.

जाग आली तेव्हा पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालं होतं. झाकणावर तांबूस थर चढला होता. आणि लाल चिमट्यात काहीच नव्हतं.

तेवढ्यात माझी बायको हेझेल चहा घेऊन शेडमध्ये आली.

"निघाली का रे घाण?" (माझ्या वस्तूंत तिला एवढा रस लग्नानंतर प्रथमच.)

"निघाली. सगळीच निघाली."

"मग दाखव की!"

"वाळत ठेवलीय. नाजूक आहे."

"काय निघालं तिच्यावर?"

"सिंह," मी म्हणालो. "रोमन सिंह. आयाळबियाळ सगळं."

"जहाजाचा नांगर नव्हता? वर मुकुट?"

"छे गं, रोमन लोक..." मी थांबलो. "तुला काय माहीत?"

हेझेलने चहा खाली ठेवला. "माझ्या आजोबांच्या नौदलातल्या कोटाचं बटण होतं ते, रेज. मीच नेऊन पुरलं होतं."

त्या कोटाजवळ तिने मला कधी ओली छत्रीसुद्धा ठेवू दिली नव्हती. मी डबा पुढे केला.

"पण कशाला गं पुरलंस?"

"रविवारी रिकाम्या हाताने घरी येतोस, बूट काढतोस आणि म्हणतोस, आज जमीन ओली होती. ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टमध्येसुद्धा! मला नाही बघवत ते. आजोबांनाही बघवलं नसतं. म्हणाले असते, घे पोरी, दे त्याला एक बटण."

या बाईवर माझं किती प्रेम आहे, ते त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. तोंडातून निघालं, "वायर उलटी लागली. बटण विरघळून झाकणावर गेलं."

तिने झाकण उचललं आणि खिडकीकडे धरलं.

"म्हणजे आजोबा इथे आलेत म्हण की," ती म्हणाली आणि हसली. मग एप्रनच्या टोकाने ते हलकेच टिपलं. "आता याने केक झाकायचा नाही. त्यांच्या फोटोशेजारी ठेवू."

तिला हसताना पाहून मला जरा धीर आला. (इथे गप्प बसायला हवं होतं.)

"काही म्हण, शोधलं तर मीच ना! त्याला कान लागतो, अनुभव लागतो."

हेझेलने माझा चहा स्वतःच प्यायला घेतला.

"दोन वर्षं लागली तुला. आधी पार ओढ्याकाठी पुरलं होतं, खुणेला काडी रोवून. मग थोडं थोडं फाटकाकडे सरकवत आणलं. शेवटी वैतागून पुरलंच नाही, नुसतं फाटकाजवळच्या गवतात ठेवलं."

"मग?"

"मग काय? लागोपाठ तीन रविवार तू त्याच्यावर गाडी उभी केलीस."