गेनूमामांची जीभ

गेनूमामा माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची माती चाखायचे. उगाच शब्दाला शब्द लावून सांगत नाही. खरोखर चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, टाळूला घोळवायचे आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचे. "चोपन. खारावल्याली. पाटाच्या कडंचा हायेस. ऊसाला पानी लई देतोय तुझा बाप." ज्याला हे सांगितलं तो पोरगा नेवासे तालुक्यातला होता. बापाची चोरी पकडली गेल्यासारखा तो खाली बघत उभा राहिला.

सोनईपासून थोडं आत आमचं कृषी विद्यालय होतं. दहावीनंतरची दोन वर्षांची पदविका, पत्र्याचं वसतिगृह, मेसमध्ये रोज तीच वांग्याची पातळ भाजी आणि मागे विद्यालयाचं स्वतःचं रान. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेनूमामा शिपाई होते. तिथली रीतच अशी होती की नव्या पोरानं पहिल्या दिवशी आपल्या वावरातली किलोभर माती कापडी पिशवीत घेऊन यायची. मामा ती चाखायचे, काचेच्या बरणीत भरायचे आणि वर चिठ्ठी डकवायचे. नाव, गाव, तालुका. भिंतीच्या मांडणीवर अशा कित्येक वर्षांच्या बरण्या ओळीनं बसलेल्या असायच्या.

त्या दिवसापासून पोराचं घरचं नाव संपलं. अकोले तालुक्यातला पोरगा 'तांबडी' झाला, पारनेरचा 'मुरमाड'. प्रवरासंगमच्या पोराचं नाव 'पोयटा' पडलं. पोयटा म्हणजे नदीकाठची मऊ गाळाची माती. आमचा पोयटा मात्र मेसमधल्या प्रत्येक भांडणात बाह्या सरसावून सगळ्यांच्या पुढे असायचा. हजेरी घेताना सर नाव पुकारायचे तेव्हा आम्हालाच क्षणभर कळायचं नाही की हा कोण.

कुठलाही वाद निघाला की मामा म्हणायचे, "थांब, मातीला इचारू." एकदा मी आणि मुरमाड प्रात्यक्षिकाचा तास बुडवून घोडेगावच्या बैलबाजारात भेळ खायला गेलो. परत आल्यावर मामांनी विचारलं, तर आम्ही शनिशिंगणापूरला दर्शनाला गेल्याचं सांगितलं. देवाचं नाव घेतलं की माणूस पुढे विचारत नाही असा आमचा हिशेब. मामा म्हणाले, चपला दाखवा. मुरमाडच्या चपलेखालचा चिखल त्यांनी नखानं खरवडला आणि आमच्या डोळ्यांदेखत जिभेला लावला. मग शांतपणे म्हणाले, "बैलाचं श्यान हाय यात. घोडेगावला गेल्ता." मुरमाडनं तोंड फिरवलं. मामांनी चूळ भरली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि आम्हा दोघांना निंदायला चार वाफे दिले.

प्रयोगशाळेतलं सामू, म्हणजे मातीची आम्लता, मोजायचं यंत्र वर्षातून आठ महिने बंद असायचं. विद्यापीठाचे तपासनीस येणार म्हटल्यावर आमच्या सरांना घाम फुटला. मामांनी मागच्या खोलीत बसून सगळे नमुने चाखले आणि आकडे सांगितले. सरांनी ते देवाचं नाव घेऊन वहीत उतरवले. पुढे यंत्र दुरुस्त झालं तेव्हा आकडे ताडून पाहिले. एकच चुकला होता. मामांचं म्हणणं, यंत्र चुकलं.

त्यांच्या खाकी शर्टाच्या दोन्ही खिशांत कायम कागदाच्या पुड्या असायच्या. वाटेत कुठली नवी माती दिसली की बांधली पुडी. एकदा शिर्डीहून येणाऱ्या एसटीत शेजारच्या बाईनं ती उदी समजून मागितली. मामांनी मोकळेपणानं सांगितलं की ही राहात्याच्या पेरूच्या बागेतली माती आहे, पण लई चांगली हाय. बाईनं तरी कपाळाला लावली. मामा म्हणाले, बाई शहाणी होती.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना आजही मान खाली जाते.

मी पाथर्डी तालुक्यातला. आमच्या घराला जमीन नव्हती. आई-वडील सहा महिने कोयता घेऊन ऊसतोडीला आणि सहा महिने दुसऱ्याच्या रानात. प्रवेशाच्या पत्रात लिहिलं होतं, 'स्वतःच्या शेतातील माती आणावी.' ते पत्र मी आईला वाचून दाखवताना तेवढी ओळ गाळली. एक दिवस आधी वसतिगृहात पोचलो. सकाळी जो तो पिशवी सांभाळत उठला. माझ्याकडे पेटी, वळकटी आणि मोकळी पिशवी. डब्याचं झाकण घेऊन मी गुपचूप मागे गेलो आणि जे पहिलं काळंभोर रान दिसलं त्यातून पिशवी भरली. कुणातरी शेतकऱ्याचं असेल असं वाटलं. ते विद्यालयाचंच होतं, प्लॉट नंबर सात. मामा रोज सकाळी त्याच बांधावरून प्रयोगशाळेत यायचे. चोरी करावी ती पोलीस चौकीच्या आवारात, अशातली गत.

माझा नंबर आला. मामांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. इतरांपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं.

"तालुका?"

"पाथर्डी."

आमच्याकडची जमीन वीतभर खोदली की खडक. त्यांच्या तळहातावरची माती काजळासारखी होती.

"किती खोल हाय?"

"लई खोल हाय," मी म्हणालो.

"चांगली हाय," मामा म्हणाले आणि चिठ्ठीवर माझं नाव, माझं गाव लिहून त्यांनी बरणीचं झाकण लावलं. मी 'काळी' झालो.

मामाला फसवलं म्हणून मी रात्री पांघरुणात हसलो होतो. पुढे वर्गात प्रत्येकाला आपल्या मातीवर अहवाल वाचायचा होता. माझा ऐकून सर म्हणाले, तुमच्या भागात अशी जमीन कशी काय? मी अहवालाची पानं उलटायला लागलो. मागून परीक्षानळ्या विसळता विसळता मामा म्हणाले, "वढ्याकाठची आसंल, सर." सरांना पटलं. मला वाटलं, नशीब आपलं, म्हातारा भोळा आहे.

दर हंगामाला प्रत्येक पोराला गुंठाभर प्लॉट मिळायचा. मामा आपल्या टोपीत चिठ्ठ्या टाकून एकेकाच्या हातावर द्यायचे. इतरांचे प्लॉट बदलायचे. मला दर वेळी सातच. त्यात लव्हाळा माजलेला. काढावा तितका पुन्हा वर. मामांचा माझ्यावर दात आहे अशी माझी खात्रीच झाली होती. मी वैतागून लव्हाळ्याच्या गाठी उपसत असलो की ते बांधावर येऊन उभे राहायचे. "आपल्या वावरात आसंच राबावं लागतंय," म्हणायचे आणि निघून जायचे.

दुसऱ्या वर्षी त्या प्लॉटमध्ये माझा उन्हाळी कांदा असा आला की सरांनी इतर पोरांना आणून दाखवला. काढणी झाल्यावर मामांनी अर्धं पोतं भरून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, घरी ने, आईला सांग की माझ्या वावरातला हाय. मी तसंच सांगितलं. आई नुकतीच तोडीवरून परतली होती. हाताला कोयत्याचे घट्टे. तिनं एकेक कांदा हातात घेऊन पाहिला. मग ते कांदे चार दिवस दारातच पसरून ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. निवडून ठेवलेले सगळ्यात मोठे दोन तर तिनं खाऊच दिले नाहीत. कोंब फुटेपर्यंत ते देवळीत होते.

आज मी कृषी सहायक आहे. गावोगाव फिरून लोकांच्या मातीचे नमुने घेतो, त्यांना जमिनीच्या आरोग्याची पत्रिका देतो. माझी स्वतःची जमीन म्हणजे तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्या आणि एक तुळशीची कुंडी.

मधल्या काळात विद्यालयात पोरं येईनाशी झाली आणि ते बंद पडलं. इमारत पाडायचं ठरलं. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती; बायको गेलेली, मूलबाळ नाही. मागच्या बाजूच्या खोलीत एकटेच राहायचे. त्यांचा फोन आला, "आपली माती घिऊन जा. वावरात परत टाक. ही लोकं उकिरड्यावर वततील." आमच्या बॅचच्या ग्रुपवर ही बातमी फिरली तेव्हा पोरांनी जुने किस्से काढले, हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला. जायचं मात्र टाळलं. कुठल्या तोंडानं जाणार आणि ती बरणी घेऊन कुठे रिकामी करणार? दुसरा फोन आला, तिसरा आला. तिसऱ्या वेळी ते एवढंच म्हणाले, "तुझी तेवढी ऱ्हायलीय."

एका रविवारी दुपारी गेलो. प्रयोगशाळेची दारं-खिडक्या काढून नेलेल्या. मांडणी मोकळी, आणि मधल्या फळीवर एकच बरणी. शेजारी उलट्या बादलीवर मामा. पार वाळले होते. मी विचारलं, इतकी सगळी पोरं येऊन घेऊन गेली? मामा म्हणाले, थोडी आली. बाकीच्यांची माती त्यांनी एसटीनं पोचवली होती. दोन-दोन बरण्या पिशवीत घालून अकोले, पारनेर, कर्जत, चिठ्ठीवरचं गाव शोधत. पोरगं पुण्याला गेलेलं असलं तर बापाच्या हातात दिली. बापही नसला तर वावर विचारून स्वतः टाकून आले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्याबी गावाला आलो आस्तो. पर टाकायची कुठं?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो. मामांना त्याची गरज नव्हती. ते म्हणाले, "सात नंबरची चव मला कळनार न्हाई व्हय? पयल्या दिशीच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं? मलाबी वावर न्हाई."

ते लहान असताना त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्यांना आम्ही कोणी कधी विचारलंच नाही की मामा, तुमची माती कुठली. पोरपणी औताच्या मागं चालताना ते ढेकळं तोंडात टाकायचे. ती चव ध्यानात राहिली होती. "दरसाल पोरं एवढ्या गावाची माती आनायची. म्हनलं, कुनाच्या तरी पिशवीत गावंल."

"गावली?"

त्यांनी मान हलवली. आणि मागच्या वर्षीच्या तापात जीभच गेली होती. आता मीठसुद्धा कळत नाही म्हणाले.

आम्ही बरणी घेऊन सात नंबरवर गेलो. कंबरभर गवत आणि खाली तोच लव्हाळा. मी माती ओतायला लागलो तशी मामांनी हात धरला. सवयीनं चिमूट घेऊन जिभेवर ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग थुंकले आणि दुसरी चिमूट माझ्यापुढे केली. "तू चाख."

मी आजवर हजारो नमुने हाताळले असतील, पण माती कधी तोंडात घातली नव्हती. घातली. दाताखाली कचकच झाली.

मी विचारलं, "मामा, तुमच्या वावराची चव कशी होती?"

"आदी चुनकाळ लागायची, चुन्यागत," ते म्हणाले. "मागनं जरा गोड."

मला मातीखेरीज कसलीच चव लागली नव्हती. मी म्हणालो, "व्हय मामा. आदी चुनकाळ लागती. मागनं गोड हाय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, जरा जास्त वेळ.

"चांगली हाय," ते म्हणाले. मग खिशातून कागद काढून त्यांनी बरणीतली मूठभर माती त्यात घेतली, नीट पुडी बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. उरलेली मी रानात ओतली.