छान! पुढे वाचा

शाळा सुटल्यावर दुसरीच्या बाई कॉम्प्युटरच्या खोलीत एकट्याच थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गाची वाचन चाचणी होती आणि ती यंत्र घेणार होतं. पोरांनी कानाला हेडफोन लावायचा, पडद्यावरची गोष्ट मोठ्याने वाचायची आणि यंत्राने ती ऐकून कुणाचं वाचन कुठल्या पातळीचं ते ठरवायचं. ऐन वेळी पोरांसमोर फजिती नको, म्हणून बाईंनी आधी स्वतः करून बघायचं ठरवलं.

अडचण एवढीच होती, की यंत्र बाईंना ओळखत नव्हतं. त्याला फक्त दुसरीतली पोरं ठाऊक होती. बाईंनी पडद्यावरच्या नावांवरून नजर फिरवली आणि टिकलीच्या नावावर थांबल्या. कपाळावरच्या तिळामुळे टिकली झालेली ही मुलगी वर्गातली सगळ्यात वाचनवेडी. साबणाच्या वेष्टनापासून औषधाच्या बाटलीवरच्या बारीक सूचनांपर्यंत ती काहीही सोडायची नाही. हिच्या नावावर थोडं इकडचं तिकडे झालं तरी बिघडणार नाही, असा बाईंचा अंदाज. नावाखाली दोन बटणं होती, ‘सराव’ आणि ‘सुरू’. इतकी वर्षं वाचून दाखवणाऱ्या बाईला सरावाची काय गरज, असं मनाशी म्हणत बाईंनी ‘सुरू’ दाबलं.

गोष्ट होती एका शेळीची. शिंपी जेवायला गेला असताना ती त्याच्या दुकानात शिरते. बाई रंगात आल्या. गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. शेळी आली तशी त्यांनी लांबलचक ‘मॅऽऽ’ केलं, जे गोष्टीत लिहिलेलं नव्हतं. नवा कोट खुंटीवर दिसला तेव्हा “आणि काय बरं दिसलं असेल तिला?” असं विचारून उत्तरासाठी थांबल्या. शेळीने कोटाची बाही तोंडात धरली तेव्हा “अगं बाई गं!” म्हणाल्या आणि सवयीने “मागे ऐकू येतंय ना?” हेही म्हणून घेतलं.

“धन्यवाद,” कानात एक गोड आवाज आला. “तुमची चाचणी संपली.”

“अहो, संपली कशी? शेळीचं काय झालं?” बाई म्हणाल्या. पण शेळी नाहीशी झाली होती. तिच्या जागी लिहून आलं होतं : ‘पातळी – आरंभिक. वाचताना वारंवार अडखळणे, नसलेले शब्द घालणे. अक्षर ओळखीपासून मदत आवश्यक.’ आणि खाली बारीक अक्षरात : ‘निकाल पालकांना पाठवला आहे.’

बाईंनी दिसतील ती सगळी बटणं दाबली. निकाल परत यायचं नाव घेईना.

टिकलीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. निरोप आला तेव्हा ते एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर बसले होते. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तिथूनच थोरल्या बहिणीला फोन लावला. घरचा सगळा कारभार तिच्याकडेच होता.

“ताई, आपल्या टिकलीला वाचता येत नाही म्हणे.”

“कुणी सांगितलं?”

“कॉम्प्युटरनं.”

“मग खरंच असणार!” आत्या म्हणाली आणि टिकलीला शोधायला निघाली.

टिकली पलंगाखाली पालथी पडून शाळेच्या ग्रंथालयातलं एक जाडजूड पुस्तक वाचत होती. आत्याने पुस्तक काढून घेतलं. “नुसती चित्रं बघत होतीस ना गं इतके दिवस?”

“आत्या, यात चित्रंच नाहीयेत.”

“तेच विचारतेय मी! चित्रं नाहीत, तर मग त्यात बघत काय बसली होतीस?”

मग आत्याने एका कागदावर हाताएवढा ‘अ’ काढून समोर धरला. “न घाबरता सांग बाळा. हे काय आहे?”

टिकलीने आधी ‘अ’कडे पाहिलं, मग आत्याकडे. असा अपमान तिचा आजवर कुणी केला नव्हता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. बाबा घरी आले, त्यांनी गोंजारून पाहिलं, ‘अ’ आणखी मोठा काढून पाहिला. टिकली ढिम्म.

“बघ,” आत्या डोळे पुसत म्हणाली, “पहिल्याच अक्षराला अडली पोर!”

सकाळी तिघंही मोठ्या बाईंच्या खोलीत हजर झाली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांच्या टेबलावर टिकलीचं जाडं पुस्तक परत आलं होतं आणि पातळीप्रमाणे तिला द्यायचं नवं पुस्तक तयार होतं. त्याच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘बदक’. दुसऱ्या पानावर, ‘मोठं बदक’. टिकलीने ते उघडलं आणि मिटलं. तिची नजर टेबलावरून हलेना. जाड्या पुस्तकातल्या जहाजाला नेमकं काल भोक पडलं होतं आणि ते बुडालं की वाचलं, हे कळायचं राहिलं होतं.

एवढ्यात दुसरीच्या बाई धावत आल्या. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. “मॅडम, हा निकाल टिकलीचा नाहीच! काल ते मी वाचलं होतं.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. “तुमची मुलांवरची माया मला कळते हो. पण म्हणून असं काहीतरी बोलायचं? अक्षर ओळखीपासून मदत लागेल असं लिहिलंय इथं. तुम्ही बाई आहात शाळेत.”

“मीच वाचलं होतं!”

“मग आत्ता वाचून दाखवा.”

सगळी वरात कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. या वेळी ‘सराव’ दाबलं. बाईंनी यंत्राला शोभेल असं कोरडं वाचायचं ठरवलं होतं. पण शेळी दिसली आणि त्यांच्याही नकळत ‘मॅऽऽ’ निघून गेलं. कोटाच्या बाहीपाशी गोड आवाज म्हणाला, “धन्यवाद.”

“आरंभिक,” आत्याने पडद्यावरचं वाचलं आणि एक पाऊल मागे सरकली. “आणि तुम्ही शिकवता होय आमच्या पोरीला?”

“सरका,” मोठ्या बाई म्हणाल्या. “वाचन कसं असावं, ते एकदा दाखवते.” त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला बाहेर पोरांचा गलका झाला. “एका खुंटीवर शांतता! कोण आहे रे तिकडे? नवा कोट होता, रांगेत चला, शेळीने तो पाहिला...” यंत्राने त्यांना बाहीपर्यंतही जाऊ दिलं नाही.

मोठ्या बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, जणू तो त्यांनी कधी घातलाच नव्हता. “यंत्र सदोष दिसतंय,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “पण त्या शेळीने कोट खाल्ला का पुढे?”

“मला कोटाची बाही धरलेलीच माहीत आहे,” दुसरीच्या बाई म्हणाल्या.

“मी बघू का?” टिकलीच्या बाबांनी विचारलं. त्यांचं वाचन झपझप होतं, पण शब्द अर्धे गिळायची सवय. तरी सगळ्यांत पुढे तेच पोहोचले. शेळीने बाही खाल्ली, खिसा खाल्ला, इतक्यात कोटाचा मालक कोट घ्यायला येताना दिसला, आणि यंत्र म्हणालं, “धन्यवाद.”

“आता मी,” म्हणत आत्या बसली. तिने आधी यंत्राला विचारलं, “सुरू करू का हो?” आणि तिथेच तिची चाचणी आटोपली.

आता राहिली टिकली. मोठ्या बाईंनी परवानगी दिली तर फेरचाचणी एकदाच घेता येत होती, आणि ती त्यांनी तिथल्या तिथे दिली. पण टिकली काही बोलेना. काल संध्याकाळपासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“टिकली, चूक माझी झाली गं. तुझं नाव मी न विचारता वापरलं. आणि घरी एवढं सगळं झालं, तेही माझ्यामुळे. रागावलीस ना?”

टिकलीने मान हलवली. हो म्हणून.

“रागाव. पण वाचशील?”

टिकलीने बाईंच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “सगळे बाहेर जा. आत्या तर लांब जा.”

सगळे बाहेर गेले. दार लोटलं गेलं आणि चारही मोठी माणसं दाराला कान लावून उभी राहिली. आतून टिकलीचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबे आणि पुन्हा चालू होई. आत्या कुजबुजली, “इतकी मोठी आहे होय गोष्ट?” बाबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला. घंटा झाली, वर्ग भरले, तरी टिकली वाचतच होती.

शेवटी दार उघडलं. सगळे आत घुसले. पडद्यावर लिहिलं होतं : ‘पातळी – अत्युच्च. शब्दसंख्या अपेक्षेपेक्षा अनेक पटींनी अधिक. आठवीची पुस्तके द्यावीत.’

“आठवीची!” बाबा टिकलीला उचलून घेत म्हणाले. आत्याने डोळ्यांना पदर लावला. “मी म्हणत नव्हते?” ती म्हणाली. तिने असं कधी म्हटलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

दुसरीच्या बाई मात्र कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे पाहत होत्या. “टिकली, गोष्ट तर एका पानाची आहे. तू इतका वेळ काय वाचत होतीस?”

“गोष्ट संपलीच ना पण. कोटवाला माणूस दारात येतो आणि संपली. पुढे काहीच नव्हतं.”

“मग?”

“मग ते म्हणालं, ‘छान! पुढे वाचा.’ म्हणून मी वाचलं.”

“कुठलं वाचलंस?”

“मनातलं,” टिकली म्हणाली. “मी थांबले की ते परत म्हणायचं, पुढे वाचा. त्याला पण बघायचं होतं शेळीचं काय होतं ते.”

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. कालचा निकाल खोटा होता, आणि आजचाही काही खरा म्हणता येत नव्हता. फेरचाचणी तर एकदाच होती, ती होऊन गेली. त्यांनी दुसरीच्या बाईंकडे पाहिलं. दुसरीच्या बाईंनी जाडं पुस्तक उचलून हळूच टिकलीच्या काखेत दिलं.

“असू दे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “यंत्राचं म्हणणं आहे ते. आपण कशाला मध्ये पडा?” मग त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. “बरं, ती शेळी सापडली का त्याला?”

“नाही,” टिकली बाबांच्या कडेवरूनच सांगू लागली. “ती उरलेला कोट अंगात घालून आरशासमोर उभी राहिली. मग त्या माणसाला वाटलं, आपल्या आधी दुसरंच गिऱ्हाईक आलंय. तो म्हणाला, नमस्कार...”

बाबांचा फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचलला. पलीकडे कामावरचे साहेब ओरडत होते. कुठल्याशा इमारतीतली लिफ्ट अडकली होती आणि लोक खोळंबले होते.

“येतो साहेब, लगेच येतो,” बाबा म्हणाले आणि फोनवर हात ठेवायचं विसरून बाकीच्यांकडे वळले. “शेळी बाहेर पडली, की निघालोच.”

पलीकडून साहेब घाबऱ्या आवाजात म्हणाले, “अरे देवा! आत शेळी पण आहे?”