सबनीस भावजी आणि त्यांचं ‘अ‍ॅडजस्ट’

या, अशा जवळ या. किती दिवसांनी फिरकताय? आणि तो मोबाईल आधी खाली ठेवा बघू! आमच्या शेजारच्या सबनीस भावजींची ओळख करून द्यायचीय. एकच सांगते, त्यांच्यासमोर ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणायचं नाही.

एकदा बसमध्ये कुणीतरी म्हटलं, “काका, जरा अ‍ॅडजस्ट करा ना.” झालं! भावजी ताडकन उभे. “अर्थ माहितीय का त्याचा? मूळ लॅटिन. युक्स्टा, म्हणजे जवळ. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला. अ‍ॅडजस्ट म्हणजे जवळ आणणे!” तो गृहस्थ मान डोलावत त्यांच्याच सीटवर ऐसपैस बसला. भावजी आपले उतरेपर्यंत उभे.

जन्मभर विमा कंपनीत कारकुनी केली, पण जीव शब्दकोशात. “वहिनी,” मला म्हणायचे, “आपल्या लोकांनी या क्रियापदाचं पार वाटोळं केलं. नळाला पाणी नाही, अ‍ॅडजस्ट करा. लग्नात माणसं जास्त झाली, अ‍ॅडजस्ट करा. म्हणजे काय, तर गप्प बसा!” स्वतः मात्र तसूभर हलायचे नाहीत. गॅलरीतली त्यांची खुर्ची कुणी सरकवली, तर दिवसभर अबोला.

फणसवाडीतल्या चाळीत त्यांची आमची भिंत एक. त्यांची बायको गेल्यापासून सकाळी उठले की भिंतीवर टकटक करायचे. मी लाटण्याने उत्तर द्यायची. कशाला हो, विचारलं तर म्हणे, “भिंत पोकळ झालीय का बघतो.”

मग टॉवर बांधायला चाळ पाडली. तो होईपर्यंत तात्पुरत्या खोल्याही शेजारी मिळाल्या, टकटक चालू राहिली. पण नव्या घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि भावजींना अगदी वरचं, समुद्र दिसणारं घर लागलं; आम्हाला दुसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला. सगळे त्यांचं अभिनंदन करत होते, मी मात्र मनात मधले मजले मोजत होते. सकाळी हा माणूस उठला की नाही, कळायचं कुणाला?

सेक्रेटरी म्हणाले, “आता थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागेल, काका.”

आणि भावजींनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली! लॅटिन नाही, फ्रेंच नाही.

ते आमच्याआधी राहायला गेले. आमच्या नव्या घरातली पहिली सकाळ. चहाचं आधण ठेवते, तर भिंतीवर टकटक. लाटणं अजून खोक्यातच. तशीच मुठीने भिंत बडवली आणि बाहेर धावले. शेजारच्या दारात तीच खुर्ची, खुर्चीत भावजी. ज्यांना ते घर लागलं होतं, त्यांच्याशी गुपचूप अदलाबदल केलेली.

“अहो, समुद्र सोडलात?”

“तो कुठे उत्तर देतो, वहिनी?” म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.

माझा जीव भांड्यात पडला बाई! आता रोज चहा दोन्ही घरचा इकडेच होतो. थांबा ना चहाला, त्यांनाही माणसं हवीच असतात. बसायला जागा कमी पडली, तर मुकाट्याने सरकून बसा. तो शब्द मात्र काढू नका, चहा पार गार होतो.