शिवाप्पामामांच्या मापाची पतलून

आमच्या तामलवाडीत एके काळी सगळ्या बाप्यांच्या पतलुनी एकाच माणसाच्या मापाच्या होत्या. तो माणूस म्हणजे आमच्या ह्यांचे मामा, शिवाप्पामामा. मामा अंगानं रांजणासारखे आणि गावातले बाकीचे पुरुष ज्वारीच्या ताटासारखे. आता करा विचार.

कारण साधं होतं. सोलापूर इंग्रजांचं, आम्ही निजामाचे, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. नवं कापड हातात दिसलं की जकात. अंगावर घातलेल्याला मात्र कुणी विचारायचं नाही. म्हणून मामा बाजारादिवशी सोलापूरला जायचे आणि लोकांनी सांगितलेल्या पतलुनी एकीवर एक चढवून परत यायचे. साहजिकच, कुणाचीही पतलून आधी मामांना झाली पाहिजे.

गिरणीतले फिटर घालायचे तसली ती पतलून. निळी, जाड, दुहेरी शिलाईची. माझ्या नाती आता तिला जीन्स म्हणतात आणि दुकानातल्या आरशापुढं वळून वळून स्वतःची पाठ बघतात. मामा आरसा मानत नसत. ते दुकानातच मांडी घालायचे, उकिडवं बसायचे, मागं बैल लागल्यासारखं पळून बघायचे. "उभ्या माणसाला कायबी शोभतंय," म्हणायचे. "बसल्यावर कळतंय."

मग भर उन्हात तीन पतलुनी घालून, पाय फाकवत, ते नाक्यावर यायचे. शिपाई विचारायचा, "क्या चचा, सुबू कू दुबले गये थे, शाम कू मोटे आये?" मामा सांगायचे, सासुरवाडीला गेलतो साब, तुपाचं जेवण झालं. मामांचं लग्नच झालेलं नव्हतं.

मी तेव्हा नवी सून. चार इयत्ता शिकलेली, म्हणजे स्वतःच्या मते मडमच. धोतरातला नवरा हा मला माझ्या शिक्षणाचा अपमान वाटायचा. हे शाळेत मास्तर म्हणून लागले तशी मी पतलुनीचा हट्ट धरला. ह्यांच्या वाट्याला आली ती सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात मोठी. तिच्यात ह्यांच्याबरोबर मीही मावले असते. सुतळीनं आवळून हे शाळेत गेले. तपासणीला आलेल्या साहेबांना ह्यांनी दोन्ही हात जोडले, आणि ह्यांच्याआधी पतलुनीनंच साष्टांग नमस्कार घातला.

मी मामांकडे दाराआडून तक्रार केली. त्यांनी ह्यांना गोल फिरवून पाहिलं आणि निकाल दिला, "पतलून बरोबर हाय, सूनबाई. माणूसच कमी पडायलाय. तूप वाढ." मी वर्षभर तूप वाढलं. ताटातलं उरलेलं वाया कसं घालवायचं म्हणून मीच खाल्लं. पतलून अखेर मला बसली असती.

पुढं निजाम गेला, मागोमाग नाकाही उठला. लोक स्वतः सोलापूरला जाऊन स्वतःच्या मापाचं घालून येऊ लागले. मामा मात्र बाजारादिवशी सकाळीच तयार होऊन दारोदार विचारायचे, काय आणायचंय का. कुणालाच काही आणायचं नसायचं. शेवटी आमच्या ओसरीवर येऊन बसायचे.

एकदा मीच ह्यांच्यासाठी पतलून आणायला सांगितली. संध्याकाळी मामा आले ते चक्क बारीक दिसत होते. पतलून घडी घालून काखेत. ह्यांनी ती चढवली आणि मी दाराआडून बघतच राहिले. कंबर, मांडी, घोटा, सगळं जिथल्या तिथं. कुणी माप घेतलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. एवढी वर्षं ह्या माणसाला ह्यांचं माप ठाऊक होतं तर.

मामांनी ह्यांच्याकडून सगळ्या उठाबशा करून घेतल्या. "बसली," ते हळूच म्हणाले. "आता पाच-सा वर्सं बघायला नको." आणि पायरीकडं वळले.

"मामा," मी म्हणाले, "कमरंत सैल होतीय. पुढल्या बाजाराला बदलून आणावी लागंल."

हे काहीतरी बोलणार होते. मी मागून ह्यांचा सदरा ओढला.

मामा माघारी आले. ह्यांच्या कमरेशी बोट घालून बघितलं. बोट आत जाईना.

"व्हय की," मामा म्हणाले. "लईच सैल हाय."